जादूचं विद्यापीठ लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या अद्भुत कथा मी बरीच वर्षं वाचतोय. जूनपासून गठ्ठे यायला लागतात आणि प्रत्येक गठ्ठ्यात एक तरी जादूचं विद्यापीठ निघतंच. ते डोंगरावर असतं, तीन हजार वर्षं जुनं असतं आणि कुणा महान जादूगाराने एका रात्रीत उभारलेलं असतं. त्या तीन हजार वर्षांत एकाही पोराला एटीकेटी लागलेली नसते.

मला सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे हे विद्यापीठ जेवतं कशावर, ते कुणी सांगतच नाही. मी स्वतः ती केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या पहिल्या कादंबरीत कड्यावर एक मंत्रपीठ होतं, नऊशे विद्यार्थ्यांचं. पहिली तीन प्रकरणं मोठ्या हौसेने आत्याला वाचून दाखवली. आत्या पुण्यात मेस चालवायची. भाजी निवडता निवडता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "नऊशे पोरं? माणशी दोन वेळचे मिळून चारशे ग्रॅम तांदूळ धर. रोजचे तीनशे साठ किलो झाले. वर कोण नेतं रे?" मी म्हटलं, "आत्या, जादूने येतात." त्यावर तिने मान वर केली. "मग तिसऱ्या प्रकरणात पायथ्याचं गाव दुष्काळात मरतंय ते कशाला?"

माझी सगळी कादंबरी त्या वाक्यावर कोसळली. मंत्राने भात येत असेल तर दुष्काळ खोटा, आणि येत नसेल तर मंत्रपीठ खोटं. नव्याने लिहिताना मी आधी मंत्रपीठाची खतावणी मांडली: कोणतं गाव किती धान्य देतं आणि बदल्यात त्याला काय मिळतं. गावं धान्य द्यायची, पीठ पाऊस पाडायचं. एका वर्षी पाऊस पडलाच नाही आणि लोकांनी घाट अडवला. तिथून इतिहास आपोआप सुचत गेला.

तुम्हाला हे रुक्ष वाटत असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणे गावातला 1207 सालचा शिलालेख बघा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दान मिळालं, त्याची ही नोंद. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातला राजाचा कर मठाला दिल्याचं लिहिलंय, घाण्यामागे पळी पळी तेलही. ग्रहगणित शिकवायचं, पण दिव्याला तेल कुठून येणार ते दगडावर कोरून ठेवायचं. नालंदाकडे दोनशेहून जास्त गावं होती, असं तिथे शिकलेला चिनी भिक्षू इत्सिंग सांगतो. तुमच्या पिठाकडे किती आहेत?

दुसरी चूक भांडणांची. म्हणजे भांडणं नसण्याची. नवे लेखक सगळा कलह एका काळ्या जादूगाराच्या गळ्यात बांधतात आणि मोकळे होतात. खऱ्या विद्यापीठांचा इतिहास फार क्षुल्लक आणि म्हणूनच मजेदार आहे. 1209 मध्ये ऑक्सफर्डला एका बाईचा खून झाला आणि गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना पकडून फाशी दिलं. बाकीचे शिक्षक-विद्यार्थी पांगले, त्यातले काही केंब्रिजला जाऊन स्थिरावले. दुसरं विद्यापीठ निघालं ते असं. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात तर विद्यार्थ्यांचा संघच मास्तरांना नेमायचा आणि तासाला उशीर झाला की दंड करायचा. तुमच्या अग्निमंत्राच्या आचार्यांना शिष्यांनी दंड ठोकलाय, असं एक पान लिहून बघा. माझी सवय अशी की दर शंभर वर्षांना एक भांडण लिहायचं, आणि कारण शक्यतो खोलीभाडं, पगार किंवा दारू.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. प्रवेश रक्तावर किंवा भविष्यवाणीवर देऊ नका, फार झालं आता. नालंदाच्या दारावरचे पंडित प्रश्न विचारून दहातल्या सात-आठ जणांना परत पाठवायचे, असं ह्युएन त्संग लिहितो. तुमच्या कथेचा नायक त्या सात-आठांतला का नसावा? ग्रंथालय जाळलं की सगळी विद्या संपली, असंही करू नका. निम्मी विद्या पोरांना पाठ असते, उरलेल्यातली बरीच कुणीतरी वाचायला नेऊन परत केलेली नसते. आणि अभ्यासक्रम बदलू द्या. सहाशे वर्षांपूर्वीचा मंत्र आजही त्याच उच्चारात चालतो?

शॉर्टकटबद्दल मला विचारूच नका. हल्ली यंत्राला सांगून पाच मिनिटांत सनावळी काढतात आणि कथेला परिशिष्ट म्हणून जोडतात. परवा एक आलं होतं, त्यात एकतीस कुलगुरू ओळीने, सगळे "प्रज्ञावंत". एकही लाचखाऊ नाही, एकाचीही नेमणूक वादात नाही. मी समासात एवढंच लिहून परत पाठवलं: "सतराव्याला कुणी आणि का हाकललं, ते कळवा."