‘पहिलीच बरी ना?’ ऑप्टोमेट्रीच्या मुलांना रिसर्च आणि पेशंटशी बोलणं एकत्र कसं शिकवायचं

मी ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शास्त्र, शिकवते. नवीन बॅच क्लिनिकमध्ये आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं. पेशंटला ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची चष्म्याची चौकट) लावलेली, विद्यार्थी क्रॉस सिलिंडर (नंबर बारीक जुळवायची काच) फिरवतो आणि विचारतो, "पहिली बरी दिसते का दुसरी? पहिलीच ना?" त्या शेवटच्या "ना" नी सगळं बिघडतं. पेशंट आधीच घाबरलेला असतो, आपण काही चुकीचं बोललो तर चुकीचा नंबर लागेल असं त्याला वाटत असतं, त्यामुळे तो पटकन हो म्हणून टाकतो. आता ही चूक बोलण्यातली की रिसर्चमधली? माझ्या मते एकच आहे, आपल्याला हवं ते उत्तर समोरच्याच्या तोंडात घालायची. म्हणून मी हे दोन विषय वेगळे शिकवणं बंद केलं.

सुरुवात तिथूनच करा. मुलांना सांगा की तपासणीच्या आधी पेशंटला एवढं म्हणायचं, "यात चूक बरोबर असं काही नाही, दोन्ही सारखं दिसलं तर सारखं म्हणून सांगा." क्रॉस सिलिंडरमध्ये दोन्ही सारखं दिसणं हाच तर तपासणीचा शेवट असतो, आणि ते म्हणायची मोकळीकच पेशंटला दिली नाही तर तो शेवट येणार कुठून!

मग तिघातिघांचे गट करा. एक तपासणारा, एक पेशंट, एक नुसता बघणारा. पेशंट झालेल्याला एक चिठ्ठी द्या, त्यात वरवरची तक्रार असते "डोकं दुखतं" आणि खाली खरी गोष्ट असते, म्हणजे रात्री गाडी चालवायची भीती वाटते, पण ती आपणहून सांगायची नाही, नीट विचारलं किंवा शांतपणे ऐकून घेतलं तरच सांगायची. बघणाऱ्याने मोबाईलवर वेळ लावायची की पेशंट बोलायला लागल्यावर त्याला पहिल्यांदा कधी तोडलं. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टरांच्या भेटी रेकॉर्ड करून हेच मोजलं होतं आणि सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. हा आकडा आधी सांगू नका. आधी स्वतःचा मोजू दे, मग सांगा. आणि बघा, मुलांनी इथे नकळत डेटा गोळा केला, एकाची वेळ दुसऱ्याने परत मोजली तर वेगळी का आली यावर वाद पण घातला, म्हणजे रिसर्च सुरू झालाच की.

आता प्रोजेक्टचा प्रश्न. मुलं "मोबाईलमुळे डोळे खराब होतात का" असले प्रचंड विषय आणतात. त्यांना नाही म्हणू नका, फक्त विचारत रहा, कोणाचे डोळे, काय झालं म्हणजे खराब, कशाशी तुलना, कसं मोजणार. हळूहळू तोच विषय दोन महिन्यांत झेपेल एवढा होतो. मला सगळ्यात आवडतं ते मोजमापाचं प्रोजेक्ट, ऑटोरेफचा (मशीनने काढलेला) नंबर आणि सब्जेक्टिव्हचा (पेशंटला विचारत काढलेला) नंबर किती जुळतो. साधं वाटतं, पण यात सगळे खड्डे आहेत. पहिला खड्डा, मुलं कोरिलेशन (दोन आकडे किती सोबत वर-खाली होतात ते) काढतात आणि ०.९८ आलं म्हणून खुश होतात. अरे पण मशीन प्रत्येकाला अर्धा डायॉप्टर (म्हणजे ०.५ नंबर) मायनस जास्त दाखवत असेल तरी कोरिलेशन छानच येणार! ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हेच मांडलं, दोन पद्धतींमधला फरक प्रत्येक माणसाचा काढा आणि तो किती आणि कसा पसरलाय ते बघा. दुसरा खड्डा डोळ्यांचा. ३० माणसं तपासली, ६० डोळे झाले, सॅम्पल ६०. तसं नसतं, एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे असतात, म्हणून एक डोळा घ्या, किंवा दोन्ही घ्यायचे तर ते नातं धरणारी पद्धत वापरा. तिसरा, व्हिजन, म्हणजे नजर किती स्पष्ट ते, ६/६, ६/९, ६/१२ असं लिहून त्याची सरासरी काढणं. त्या पायऱ्या सारख्या अंतराच्या नाहीत, लॉगमार चार्ट (सारख्या अंतराच्या पायऱ्यांचा अक्षरांचा तक्ता) घ्या, तिथे प्रत्येक अक्षराचा हिशोब ०.०२ आहे. हे तीन खड्डे मुलांना आधी दाखवू नका असं मला वाटतं, दहा जणांचा डेटा घेऊन त्यात पडू दे, आकडे स्वतःचे असले की नीट लक्षात राहतं.

वर्गमित्रांना तपासायचं असलं तरी संमती घ्यायचीच आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीला आधी विचारायचंच. आणि संमती घेताना शिक्षकाने खोलीबाहेर जायचं, कारण मॅडम समोर असताना नाही कोण म्हणणार. फॉर्म नुसता वाचून दाखवायचा नाही, आपल्या शब्दांत सांगायचा.

पेपर वाचायला शिकवताना पेशंट रोज विचारतात असाच विषय घ्या. ब्लू कट (निळा प्रकाश अडवणारी) लेन्स घेऊ का? २०२३ मध्ये कॉक्रेनचा (वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) रिव्ह्यू आलाय, १७ ट्रायल्सचा, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांचा, त्यात थोड्या काळापुरतं तरी कॉम्प्युटरवर डोळे थकण्यात साध्या लेन्सपेक्षा फायदा दिसला नाही. मुलांनी तो वाचायचा, ट्रायल लहान होत्या का, किती दिवसांच्या होत्या हे बघायचं, आणि मग समोर बसलेल्या "पेशंट"ला दोनच वाक्यांत सांगायचं, घाबरवायचं नाही, आणि जेवढी खात्री आहे त्याहून जास्त खात्री आवाजात येऊ द्यायची नाही. हे फार अवघड जातं. पानभर समरी लिहिणारी हुशार मुलं इथे अडखळतात, आणि मी तर मार्क इथेच देते, समरीला नाही.

शेवटी "समजलं ना?" हा प्रश्न वर्गातून काढून टाका. त्याला सगळे हो म्हणतात. एकदा एका विद्यार्थिनीने काचबिंदूचा ड्रॉप कसा घालायचा ते एका आजींना फार छान समजावलं, समजलं ना विचारलं, आजी हो म्हणाल्या. मी तिला हळूच सांगितलं, आता वेगळं विचार. तिने विचारलं, "आजी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी गेल्यावर तुम्ही काय काय करणार ते मला सांगा ना." आजींनी बाटली कशी धरायची, पापणी कशी ओढायची सगळं बरोबर सांगितलं आणि म्हणाल्या, "आणि बाटली संपली की बंद, डोळा बरा झाला की कशाला घालायचं." ती क्षणभर गप्प झाली, मग खुर्ची पुढे ओढून तिने परत पहिल्यापासून सांगितलं, की हे रोजचं आहे, बाटली संपायच्या आधी नवीन आणायची. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती प्रोजेक्टचा विषय घेऊनच, ड्रॉप सांगितलेल्या किती पेशंटना तो कधी थांबवायचा याबद्दल चुकीचं वाटत असतं, आणि हे आपण मोजू शकतो का.