जीवरून सीवर जाताना मधे काय वाजवायचं: ब्लूग्रास रिदमचे कनेक्टिंग रन

गिटारवर जी, सी, डी कॉर्ड बदलताना आता अडखळायला होत नाही, बूम-चक (आधी एका जाड तारेवर बेस नोट, मग बाकीच्या तारांवर फटकारा, म्हणजे स्ट्रम) पण बऱ्यापैकी बसलाय, आणि तरीसुद्धा रेकॉर्डिंगमधल्या ब्लूग्रास (अमेरिकेतलं लोकसंगीताच्या वळणाचं संगीत) गिटारसारखं काही केल्या वाजत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी ती अवस्था वर्षभर होती. मला वाटायचं गिटार साधी आहे म्हणून, मग वाटलं तारा बदलूया, मग पिक बदलला, आणि शेवटी लक्षात आलं की ते लोक कॉर्ड बदलायच्या आधीच्या दोन-तीन मात्रांमध्ये जे करतात ते मी करतच नव्हतो. एका कॉर्डच्या बेस नोटवरून पुढच्या कॉर्डच्या बेस नोटपर्यंत ते जाड तारांवर एकेक सूर घेत चालत जातात, त्यालाच रन म्हणतात, मी थेट उडी मारत होतो.

ही पद्धत ब्लूग्रासच्याही आधीची आहे. जॉर्जियाचा रायली पकेट नावाचा अंध गिटारवाला १९२०च्या दशकात स्किलेट लिकर्स या बँडमध्ये असले बेस रन भरभरून वाजवायचा. पुढे ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मनरोच्या ब्लू ग्रास बॉईज या बँडमध्ये १९४५ ते ४८ लेस्टर फ्लॅट होता, त्याच्या रिदममधून आज आपण ज्याला ब्लूग्रास गिटार म्हणतो तो साचा पक्का झाला. गंमत म्हणजे फ्लॅट अंगठ्याला थंबपिक आणि पहिल्या बोटाला फिंगरपिक लावून वाजवायचा, आज बहुतेक सगळे साध्या पिकनेच वाजवतात.

आता हे रन का लागतात ते आधी बघू, कारण ते कळलं की कुठे वाजवायचे आणि कुठे गप्प बसायचं ते आपोआप कळतं. या संगीताच्या जुन्या साच्यात ड्रम नसतो. चार मात्रा मोजल्या तर १ आणि ३ वर उभा बेस असतो, २ आणि ४ वर मँडोलिनचा चॉप, म्हणजे तो कोरडा 'चक', आणि गिटार या दोन्हींना बांधून ठेवते: १ वर बेस नोट, २ वर स्ट्रम, ३ वर दुसरी बेस नोट, ४ वर स्ट्रम. रन वाजवताना तुम्ही एखादा-दुसरा स्ट्रम सोडून देता, बँडमध्ये ते खपून जातं कारण तिथे मँडोलिन चॉप मारतच असतो. घरी एकटे वाजवताना मात्र तो खड्डा ऐकू येतो आणि आपण घाबरून रन पळवतो. म्हणून पायाने ठेका धरा, अगदी सुरुवातीपासून, नंतर धरू असं म्हणू नका.

मला हे सगळं सुटलं ते सरगममुळे. लहानपणी पेटीच्या क्लासला दोन-तीन वर्षं गेलो होतो तेवढंच भांडवल, पण ते पुरलं. जी हा सा धरा. मग सी म्हणजे म, आणि डी म्हणजे प. जीवरून सीवर जायचं म्हणजे सा वरून म वर जायचं, मधे कोण राहतात? रे आणि ग. झाला की रन! सा रे ग म. गिटारवर सा म्हणजे सहाव्या (सगळ्यात जाड) तारेचा तिसरा फ्रेट, रे म्हणजे मोकळी पाचवी तार, ग पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, म तिचाच तिसरा फ्रेट.

पण सूर माहीत असणं हा सोपा भाग आहे, खरी मेख मोजण्यात आहे. नवशिक्या माणूस काय करतो, रन जिथून सुरू होतो तिथून विचार करतो, आणि मग पोचायला एकतर उशीर होतो नाहीतर अर्धी मात्रा आधीच पोचून तिथे ताटकळत उभा राहतो. तबल्याची तिहाई ऐकलीये ना, तिहाई कुठून उचलायची हे सम कुठे आहे त्यावरून ठरतं. इथेही तसंच, नवीन कॉर्डची पहिली मात्रा ही तुमची सम. म वर समेला यायचं असेल तर त्याच्या आधीच्या मात्रेवर ग हवा, त्याच्या आधी रे. म्हणजे जीच्या शेवटच्या बारमध्ये (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट) १ वर सा, २ वर स्ट्रम, ३ वर रे, ४ वर ग, आणि पुढच्या १ वर सीची बेस नोट. मोकळी पाचवी तार ३ वर पडली की बाकीचं सगळं जागेवर पडतं. मी अजूनही नवीन रन शिकताना उलटाच मोजतो.

बोटांचं म्हणाल तर जी कॉर्ड अशी धरा: मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, पहिलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्यावर, पहिल्या तारेवर तिसरं किंवा करंगळी, जे जमेल ते. आता रे साठी फक्त पहिलं बोट उचलायचं, ग साठी तेच परत ठेवायचं, आणि सीसाठी तिसरं बोट पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. रन चालू असताना पूर्ण कॉर्ड धरून ठेवायचा हट्ट करू नका, त्या दोन मात्रा फक्त बेसच्या आहेत, वरच्या तारा कुणी ऐकत नाही. आणि सी कॉर्डची सगळी बोटं पहिल्या मात्रेला बसली नाहीत तरी चालतं, पहिल्या मात्रेला फक्त बेस नोट लागते, बाकीची बोटं दुसऱ्या मात्रेच्या स्ट्रमपर्यंत आली की झालं. हे कळल्यावर माझं अर्धं टेन्शन गेलं होतं.

परत येताना म ग रे सा. सीच्या शेवटच्या बारमध्ये १ वर बेस, २ वर स्ट्रम, ३ वर पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, ४ वर पाचवी मोकळी, आणि १ वर सहाव्याचा तिसरा. तो दुसरा फ्रेट पहिल्या बोटाने घ्या, सी कॉर्ड थोडी लवकर मोडेल पण मोडू दे.

जीवरून डीवर जायला दोन रस्ते आहेत. छोटा रस्ता म्हणजे म, तीव्र म, प: जीच्या बारमध्ये १ वर सा, २ वर स्ट्रम, ३ वर पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, ४ वर तिचाच चौथा, मग मोकळी चौथी तार. जरा लांबचा रस्ता हवा असेल तर २ वरचा स्ट्रम पण सोडा आणि तिथे ग घ्या, मग ग म तीव्र म प अशी चढण होते, तीन फ्रेट तीन बोटांनी एकापाठोपाठ. हा दुसरा ऐकायला भारी वाटतो म्हणून सगळे तोच सगळीकडे वाजवतात, मी पण वाजवायचो, आणि दोन कडव्यांनंतर मलाच कंटाळा यायचा. सीवरून डीवर जायला तोच छोटा रस्ता वापरायचा, तिथे म आधीच १ वर येऊन गेलेला असतो, पुन्हा ३ वर घ्या, काही बिघडत नाही.

डीवरून जीवर यायला प ध नी सा, पण ध आणि नी खालच्या सप्तकातले घ्यायचे. १ वर मोकळी चौथी, २ वर स्ट्रम, ३ वर सहावी मोकळी, ४ वर सहाव्याचा दुसरा फ्रेट, मग तिसरा. चौथ्या तारेवरून एकदम सहाव्यावर जाताना हात चुकतो, पिक पाचव्या तारेला लागतो, हे सगळ्यांचं होतं. नुसतं उजव्या हाताने, डाव्या हाताचं काहीही न धरता, चौथी-सहावी-चौथी-सहावी असं पाचेक मिनिटं टीव्ही बघत वाजवा. आणि तो नी शुद्ध आहे, म्हणजे दुसरा फ्रेट, पहिल्यावर बोट पडलं की कोमल नी लागतो आणि डीवरून जीला येण्याची सगळी ओढ निघून जाते.

सरगमचा फायदा इथे बघा. सा रे ग म मधली अंतरं आणि प ध नी सां मधली अंतरं सारखीच आहेत. त्यामुळे एवरून डीला जायचं असो, ईवरून एला, सीवरून एफला, चाल एकच, फक्त जागा बदलते. एवरून डी: पाचवी मोकळी, दुसरा फ्रेट, चौथा फ्रेट, मग चौथी मोकळी. ईवरून ए: सहावी मोकळी, दुसरा, चौथा, मग पाचवी मोकळी. सीवरून एफ: पाचव्याचा तिसरा, चौथी मोकळी, तिचा दुसरा, तिसरा. पाठ करायची गरजच नाही, तोंडाने म्हणत म्हणत शोधा. ई मायनरला जाताना मात्र जीपासून मधे एकच सूर आहे, नी, म्हणून ३ वर पुन्हा सा घ्या, ४ वर नी, आणि १ वर मोकळी सहावी.

तीन मात्रांच्या गाण्यात, वॉल्ट्झमध्ये, बूम-चक-चक असतं. तिथे दोन्ही चक सोडायचे: १ सा, २ रे, ३ ग, पुढच्या १ वर म. उलट सोपं पडतं.

आता तो प्रसिद्ध जी रन, ज्याला फ्लॅटच्या नावानेच ओळखतात. खरं तर हा कनेक्टिंग रन नाहीच, कारण तो जीवरून निघून जीवरच येतो, गाणाऱ्याची ओळ संपली की मागे उरलेली जागा भरायला आणि इथे वाक्य संपलं असं सांगायला तो वाजतो. सूर असे: सहाव्याचा तिसरा, पाचवी मोकळी, पाचव्याचा पहिला फ्रेट आणि त्यावरूनच हॅमर करून (पुन्हा न छेडता, नुसतं डाव्या हाताचं बोट आपटून) दुसरा, चौथी मोकळी, चौथ्याचा दुसरा, तिसरी मोकळी. सरगममध्ये लिहून बघा: सा रे, कोमल ग ला स्पर्श करून शुद्ध ग, प ध सां. अहो हा तर भूप आहे, कोमल ग चा एक कण लावलेला! मला हे दिसलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. त्याचं वजन प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, ते लिहून कळत नाही, फ्लॅट, जिमी मार्टिन, डेल मॅकूरी, टोनी राईस या ब्लूग्रास गिटारवाल्यांची रेकॉर्डिंग लावा आणि सोलो सोडून फक्त मागची गिटार ऐका.

पिकचं थोडक्यात: बेस नोट आणि स्ट्रम दोन्ही खालच्या स्ट्रोकने. रनच्या नोटा मात्रेवर पडतायत तोपर्यंत सगळं डाऊनच. जी रनमध्ये अर्ध्या मात्रेच्या नोटा येतात तिथे डाऊन-अप. पातळ पिकने बेस नोट फडफडते, एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या.

सरावाला जीचे दोन बार आणि सीचे दोन बार घ्या आणि गोल गोल फिरत रहा, मेट्रोनोम ७०ला. जाताना सा रे ग म, येताना म ग रे सा, दहा मिनिटं, बाकी काही नाही. मग जी-डी तसंच. जमलं की मेट्रोनोम निम्म्यावर, ३५ला आणा आणि त्याचा ठोका २ आणि ४ वर आहे असं धरून वाजवा, म्हणजे तोच तुमचा मँडोलिनवाला. सुरुवातीला डोकं गरगरतं, पण रन पळवायची सवय याच्याइतकी पटकन दुसऱ्या कशाने मोडत नाही. मग हा सोळा बारचा साचा घ्या, असल्या घडणीची गाणी पुष्कळ भेटतील:

जी | जी | सी | जी
जी | जी | डी | डी
जी | जी | सी | जी
जी | डी | जी | जी

पहिल्यांदा फक्त दुसऱ्या बारमध्ये सीकडे जाणारा, आठव्यात जीकडे येणारा, आणि शेवटच्या दोन बारमध्ये जी रन, एवढंच वाजवा, बाकी साधं बूम-चक. प्रत्येक बदलाला रन टाकला तर गाणाऱ्याच्या शब्दांवर पाय पडतो, आणि बेसवाला तिथेच स्वतःचा रन वाजवत असेल तर दोघांचा चिखल होतो. आधी ठरवून एकच रन दोघांनी मिळून वाजवला तर मात्र मस्त लागतो.

ए किंवा बी पट्टीत गायचं असेल तर वेगळं काही शिकायचं नाही, कापो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या किंवा चौथ्या फ्रेटवर लावा आणि जीचेच आकार वाजवा, रन जसेच्या तसे राहतात. फक्त फ्रेट मोजताना कापोपासून मोजा. आणि कापो लावल्यावर एकदा ट्यून करून घ्या, जाड तारा बहुतेक वेळा थोड्या वर चढतात आणि रन सगळा त्यांच्यावरच असतो.