दिवाळीचा फराळ वाटण्याआधी ठेकेदाराची यादी मागवा

वसुबारसेला अजून महिना आहे, कशाला घाई, असं म्हणू नका. रुग्णालयातल्या सगळ्यांना फराळ पोचवायचा तर तो महिना लागतोच.

आमच्या 120 खाटांच्या रुग्णालयात फराळवाटपाचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी एचआरकडून पगारपत्रकाची यादी घेतली, तेवढे डबे मागवले आणि निर्धास्त झाले. पण सफाईच्या मावशी, वॉर्डातले मामा, गेटवरचे सिक्युरिटी, लिफ्टमन, लॉन्ड्री, कॅन्टीन यांचा पगार ठेकेदार करतो. त्यांची नावं त्या कागदावर नसतातच. धनत्रयोदशीच्या दुपारी दुसऱ्या मजल्यावरचं वाटप संपलं. 11 वर्षं तोच मजला पुसणारी मावशी बादली बाजूला ठेवून माझ्याकडे आली. मला वाटलं, डबा मागेल. तिने रिकाम्या खोक्याकडे हात केला आणि विचारलं, "मॅडम, हे टाकून देऊ का?" तिला द्यायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाजारातून पुडे आणून दिले, पण सगळ्यांना कळलं होतं की हे आठवणीने नव्हे, चूक झाल्यामुळे आलंय.

म्हणून सगळ्यात आधी ठेकेदाराची यादी. सफाईचा ठेकेदार वेगळा, सिक्युरिटीचा वेगळा, कॅन्टीनचा वेगळा. प्रत्येकाकडून नावं मागवा. "साधारण चाळीस माणसं आहेत हो" हे उत्तर चालवून घेऊ नका. नावं हवीत, आडनावासकट, कारण डब्यावर नाव लिहायचं आहे. बदली माणसंही त्यात हवीत. मग तो कागद घेऊन स्वतः एकदा तळघरापासून गच्चीपर्यंत फिरा. शवागारात कोण असतं? जैविक कचरा कोण उचलतं? रुग्णवाहिकेवर रात्री कोण? नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि इंटर्न कुठल्याच यादीत नसतात. एकूण आकडा आला की वर दहा टक्के डबे जास्त धरा.

फराळ बचत गटाकडून घेतलात तर चांगलंच, पण त्यांना महिनाभर आधी सांगा. दिवाळीच्या आठवड्यात त्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, एखादा बेसनलाडू. खव्याची मिठाई नको. डबा ड्यूटी संपेपर्यंत लॉकरमध्ये राहतो आणि मग बसने गावी जातो, तोवर खवा टिकत नाही. सुट्ट्या मिठाईवर कधीपर्यंत खावी ती तारीख लावण्याचा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला आहे, ती बघून घ्या. मधुमेह असलेल्यांसाठी बिनगोडाचे डबे वेगळे बांधा आणि वरून खूण करा. पिशवी नको, झाकणाचा डबा घ्या. पिशवीतली चकली घरी पोचेपर्यंत भुगा होते.

औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, "डबे आमच्याकडून" म्हणत येतील. सरळ नाही म्हणा. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेऊ नयेत, हा वैद्यकीय परिषदेचा नियम 2009 पासून आहे. आणि माणसांचं कौतुक आपण करायचं, तर खर्च दुसऱ्याच्या खिशातून का? फराळ दिला म्हणजे बोनस दिला, असंही कुणाला वाटू देऊ नका. बोनसचा कायदा ज्यांना लागू आहे त्यांचा किमान 8.33 टक्के बोनस हा हक्क आहे. कंत्राटी माणसांना तो ठेकेदाराने दिला का, हे यादी मागताना त्याच फोनवर विचारा. यादी मागवलीत ना?

वाटप धनत्रयोदशीपर्यंत उरका. त्यानंतर निम्मी माणसं गावी जातात, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री कॅज्युअल्टीत फटाक्यांनी भाजलेली पोरं येत असतात. तेव्हा डबे घेऊन तिथे कुणी घुटमळू नये. तिन्ही पाळ्यांना तिन्ही वेळा जा. "सकाळच्या सिस्टरकडे ठेवलंय, रात्रीच्यांनी घ्यावं" हे करू नका, ते डबे पोचत नाहीत. मावशींना मेट्रनच्या (मुख्य परिचारिकेच्या) केबिनबाहेर रांगेत उभं करू नका. त्या जिथे काम करतात तिथे जाऊन, नाव घेऊन, हातात द्या. सोबत दोन ओळींची चिठ्ठी हवी, छापील नको. "ऑगस्टमध्ये वॉर्डात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही घरी गेला नाहीत" असं एक वाक्य पुरतं. त्या त्या इन्चार्ज सिस्टरला विचारा, ती प्रत्येकाचं असं काही ना काही सांगेल.

सजावट थोडकी. वॉर्डात, आयसीयूत पणत्या नाहीत म्हणजे नाहीत, ऑक्सिजन चालू असतो. दिव्यांच्या माळा पेशंटच्या मशीनच्या बोर्डावर लावू नका. तेव्हाच्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली ती 6 नोव्हेंबर 2021 ला, भाऊबीजेच्या दिवशी. सणाच्या दिवशी इमारतीत माणसं कमी असतात हे ध्यानात ठेवा. रांगोळी फक्त मुख्य दारात, स्ट्रेचरच्या वाटेवर नको.

बाकी किरकोळ. बिलं ट्रस्टच्या नावाने. सह्या घेऊ नका, यादीवर आपणच खूण करा. रजेवरच्यांचे डबे नाव लावून कपाटात. नाताळात, ईदेला ज्यांचा सण त्यांची ड्यूटी बदलून द्या, हे रोस्टर लावतानाच मेट्रनना सांगा.

आणि यादी आली की सिक्युरिटीच्या रात्रपाळीची नावं परत एकदा मोजा. मागच्या वर्षी दोन राहिली होती.