अँड्रॉइड ॲपमध्ये रकमेचं फील्ड: रुपये आणि पैसे नीट कसे घ्यायचे

सुरुवातीलाच एक नियम: रक्कम डबलमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवायची नाही, क्षणभरही नाही. १९.९९ ला डबलमध्ये १०० ने गुणलं की १९९८.९९९९९९९९९९९९९… येतं. त्याचा इंट (पूर्णांक) केला की १९९८ उरतात, म्हणजे एक पैसा गेला. ५० आणि १०० टाकून टेस्ट करणाऱ्याला हे दिसत नाही. दिसतं ते हिशेब जुळवत बसणाऱ्याला.

त्याऐवजी फील्डमधली स्ट्रिंग (टाइप केलेला मजकूर) थेट टिंबावर तोडा. डावीकडे रुपये, काहीच नसेल तर शून्य. उजवीकडचा भाग दोन अंकी होईपर्यंत त्याच्या शेवटी शून्य जोडा. ‘१२.५’ म्हणजे बारा रुपये पन्नास पैसे, पाच पैसे नव्हेत, आणि ही चूक सर्रास होते. मग रुपये गुणिले १०० अधिक पैसे, लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात). डेटाबेसमध्ये आणि एपीआयमध्येही (सर्व्हरशी होणाऱ्या देवाणघेवाणीत) हाच पूर्णांक जाऊ द्या. इतर चलनं घ्यायची असतील तर १०० गृहीत धरू नका: जपानी येनला दशांश स्थळं नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत.

कीबोर्डसाठी फील्डचा इनपुटटाइप नंबरडेसिमल ठेवा, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड येतो. परदेशातले वापरकर्ते असतील तर सावध राहा, कारण जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम लागतो. अँड्रॉइड ८ पासून डिजिट्सकीलिसनरला (कोणती अक्षरं टाइप होऊ द्यायची ते ठरवणाऱ्या क्लासला) लोकेल, म्हणजे भाषा-देशाची सेटिंग, देता येतं, ते द्या.

टाइप होत असताना अडवायचं ते इनपुटफिल्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल फील्डमध्ये जाण्याआधी तपासणाऱ्या कोडमध्ये. नुसतं नवीन अक्षर तपासून भागत नाही. ते बसल्यावर पूर्ण मजकूर कसा दिसेल ते जोडून बघा. रिकामं फील्ड, एकटं टिंब, ‘१२.’ ही अर्धवट रूपं चालू द्या, नाहीतर माणूस ‘१२.५०’ पर्यंत पोचणारच कसा? दुसरं टिंब आणि तिसरा दशांश अंक मात्र नको. नाकारताना रिकामी स्ट्रिंग परत केलीत, तर वापरकर्त्याने निवडलेला जुना मजकूरही पुसला जातो. जी जागा बदलली जात होती तिथला जुना तुकडाच परत द्या.

‘१२.५०’ मधलं टिंब बॅकस्पेसने गेलं की क्षणात १२५० होतात. हे अडवू नका, पण फील्डखाली रक्कम अक्षरी दाखवा. स्वाइप मशीनसारखी उजवीकडून सरकणारी पद्धत इथे नको. आपल्याकडे लोक पूर्ण रुपयेच टाकतात आणि ५०० चे ५.०० झालेले पाहून गोंधळतात.

हजार-लाखांचे स्वल्पविराम टाइप करतानाच घालण्याचा मोह आवरा. टेक्स्टवॉचरमधून (मजकूर बदलला की चालणाऱ्या कोडमधून) सेटटेक्स्टने मजकूर बदलला की तोच वॉचर पुन्हा चालतो, कर्सर सुरुवातीला उडी मारतो आणि पुसलेला स्वल्पविराम लगेच परत येतो. फोकस गेल्यावर (वापरकर्ता फील्डमधून बाहेर पडल्यावर) १२,३४,५६७.५० असं दाखवा, फोकस आला की स्वल्पविराम काढा.

पेस्ट हा खरा सापळा. मेसेजमधून ‘रु. ५०/-’ कॉपी होतं. अंक आणि टिंब सोडून बाकी सगळं गाळलं की उरतं ‘.५०’, आणि ते प्रत्येक नियमात बसतं! पन्नास रुपयांचे पन्नास पैसे. म्हणून ‘रु.’, ‘₹’ आणि ‘/-’ आधी काढा, गाळणी नंतर. तरीही अर्थ स्पष्ट होत नसेल तर पूर्ण पेस्ट नाकारा, अंदाज करू नका.

फोनची भाषा मराठी असेल तर आणखी एक गंमत. आकड्याचा मजकूर करायला लोकेल न देता स्ट्रिंग.फॉरमॅट वापरलं की देवनागरी आकडे तयार होतात आणि इंग्रजी आकड्यांची वाट पाहणारा सर्व्हर ते नाकारतो. सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक फॉरमॅटला लोकेल.रूट (कुठल्याच भाषेशी न बांधलेलं लोकेल) द्या. उलट दिशेने, म्हणजे मजकुराचा आकडा करताना, लाँग.पार्सलाँग देवनागरी आकडे मुकाट्याने घेतं, डबल.पार्सडबल मात्र नंबरफॉरमॅटएक्सेप्शन ही एरर फेकतं. फील्डमधून आलेला प्रत्येक अंक कॅरेक्टर.डिजिटमधून काढून आधीच इंग्रजी करून घ्या.

सबमिटच्या वेळी शून्य रक्कम, एकटं टिंब आणि कमाल मर्यादा तपासा. मर्यादाही पैशांतच लिहा. रिलीजआधी फोनची भाषा मराठी करून हे टाकून बघा: ‘.५’, ‘१२.’, ‘००७’, ‘१९.९९’, ‘१.१५’, ‘रु. ५०/-’, ‘१,२५०.००’.