इफ्यूजन सेल: नियंत्रकावरच्या तापमानावर किती विसंबावे?

एमबीई (मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी, म्हणजे निर्वातात बाष्पाच्या झोतांनी स्फटिकाचे थर वाढवण्याची पद्धत) यंत्रावर गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचे थर वाढवण्यासाठी नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला निर्वात, पंप आणि क्रुसिबल (धातू ठेवून तापवण्याचे भांडे) यांची ओळख असतेच, त्यामुळे ती मी पुन्हा करून देत नाही. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मला सर्वाधिक छळले ते एकाच गोष्टीने, आणि ती अशी की इफ्यूजन सेलच्या, म्हणजे धातू तापवून त्याचे बाष्प सोडणाऱ्या छोट्या भट्टीच्या, नियंत्रकावर दिसणारे तापमान हे धातूच्या पृष्ठभागाचे तापमान नसते.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पीबीएन (पायरोलिटिक बोरॉन नायट्राइड) क्रुसिबलला बाहेरून, बहुधा तळाशी टेकलेले असते आणि बाष्प निघते ते वरच्या पृष्ठभागावरून. गॅलियमच्या सेलमध्ये 900 ते 1000 अंश सेल्सियसच्या टप्प्यात एका अंशाच्या फरकाने फ्लक्स, म्हणजे बाष्पाचा प्रवाह, सुमारे 2 टक्क्यांनी बदलतो, म्हणजे पाच अंशांची तफावत थराच्या जाडीत 10 टक्क्यांपर्यंत उतरते. शिवाय धातूची पातळी खाली जाते तसतसा त्याच तापमानाला मिळणारा फ्लक्स घटतो. म्हणून जुन्या वहीतला आकडा भरलेल्या क्रुसिबलसाठी कितीही अचूक असला, तरी आज तो तसाच लागू पडेल असे धरून चालू नका.

सेलच्या तोंडासमोरच्या झाकणाचा, म्हणजे शटरचा, परिणाम याहून फसवा असतो. शटर बंद असताना त्याच्याकडून उष्णता पृष्ठभागाकडे परत येत राहते. ते उघडताच पृष्ठभाग निवतो, पहिल्या एक-दोन मिनिटांत फ्लक्स काही टक्क्यांनी उतरतो, आणि तळाशी बसलेल्या थर्मोकपलचा आकडा मात्र जागचा हलत नाही. पातळ क्वांटम वेल (काही नॅनोमीटर जाडीचा थर) तर या उतारावरच वाढून पूर्ण होते. यासाठी फ्लक्स मोजणाऱ्या गेजवरचा शेवटचा स्थिर आकडा तेवढा टिपून थांबू नका. शटर उघडल्या क्षणापासूनचा संपूर्ण आलेख ठेवा आणि वाढीचा प्रत्यक्ष वेग आरएचईईडीच्या (पृष्ठभागावरून परावर्तित इलेक्ट्रॉन झोताच्या) तीव्रतेच्या आंदोलनांवरून ताडून पाहा.

सीनियरच्या वहीतून तापमान उतरवून घेण्याचा जवळचा रस्ता मला मान्य नाही, आणि “एवढे लाव, चालेल” असे सांगणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा गेजपाशी तासभर शेजारी बसणारा तंत्रज्ञ मला मोठा गुरू वाटतो. सुरुवातीचे नमुने एकमेकांशी जुळले नाहीत म्हणून खचून जाऊ नका. आपल्या सेलचा हा उतार एकदा ओळखीचा झाला की तो बहुतेक वेळा तसाच येतो आणि त्याची भरपाई करता येते.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र मी असा धीर देणार नाही. हा धातू पीबीएनच्या भिंतीला चिकटून वर चढतो, त्यामुळे क्रुसिबल काठोकाठ भरल्यास तो बाहेर उतरून हीटरचा घात करतो. आणि 660 अंशांखाली गोठला की आकसताना क्रुसिबलला तडा देऊ शकतो. दोन वाढींच्या मधल्या काळात त्याचा सेल वितळबिंदूच्या वरच ठेवावा, आणि थंड करणे अटळच असेल तेव्हा त्या टप्प्यातून अत्यंत सावकाश खाली यावे. त्याचा हीटर यूपीएसवर आहे की नाही, हे कोणाला न विचारता पहिल्याच आठवड्यात स्वतः तार शोधत जाऊन पाहा.