लोडशेडिंगच्या गावात मिथिलट्रान्सफरेज टिकवताना
यवतमाळ-गडचिरोलीकडच्या कॉलेजात सेटडी७ सारखं मिथिलट्रान्सफरेज (दुसऱ्या रेणूंना मिथिल गट जोडणारं एन्झाइम), म्हणजे रिकॉम्बिनंट (जनुक घालून प्रयोगशाळेत बनवलेलं) मानवी प्रथिन मागवायचं, तर मे महिना टाळाच. ४५ अंशांत डब्यातला ड्राय आइस वाटेतच उडून जातो. कुपी बर्फावर वितळवा, क्षणभर सेंट्रिफ्यूज करा (झाकणाला थेंब चिकटलेले असतात) आणि लगेच ५ ते १० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० ला ठेवा. व्होर्टेक्स नको, फेस आला की प्रथिन बिघडतं. वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नका. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिज तर नकोच, बर्फ घालवायला तो स्वतःच अधूनमधून गरम होतो. वीज गेली की फ्रीझर उघडून बघायचा मोह आवरा.

अभिक्रिया झाली नाही की सगळे एन्झाइमवर खापर फोडतात. आधी सॅम तपासा. मिथिल गट देणारा हा रेणू उदासीन पीएचला टिकत नाही. तो सौम्य आम्लात, उणे २० ला ठेवा आणि बफरमध्ये अगदी शेवटी घाला.

आणि ईझेडएच२ हे मिथिलट्रान्सफरेज एकटं मागवू नका. ईईडी आणि सुझ१२ ही जोडीदार प्रथिनं सोबत नसतील, तर हिस्टोन एच३ (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) मधल्या २७ व्या अमिनो आम्लावर, म्हणजे लायसिनवर, ते जवळपास काहीच करत नाही.