डेबियनवर प्लायमाउथ: बूटच्या चित्राला लागणाऱ्या गोष्टी कशा तपासाव्यात

डेबियन या लिनक्स सिस्टिमवर बूटचे चित्र दाखवणाऱ्या प्लायमाउथ या प्रोग्रामचे पॅकेज बसवले, थीम निवडली, तरी संगणक सुरू होताना पडद्यावर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, ओळीच धावत राहतात, असे पुष्कळदा घडते. सर्व अवलंबित्वे पूर्ण आहेत असे पॅकेज मॅनेजर सांगतो आणि ते खरेही असते. मात्र तो हिशेब डिस्कवर बसवलेल्या सिस्टिमचा असतो. प्लायमाउथ कामाला लागतो तेव्हा रूट विभाजन अजून जोडलेलेच नसते, त्यामुळे ड्रायव्हर, फर्मवेअर, प्लगइन, चित्रे आणि फॉन्ट यांपैकी जे काही त्याला लागेल ते इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उतरवल्या जाणाऱ्या छोट्या फाइल-सिस्टिममध्ये, आधीच असावे लागते. चालू सिस्टिमवर थीमची चाचणी घेऊन ती दिसली, तर त्यावरून बूटविषयी जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

सुरुवात कर्नलच्या आदेश-ओळीपासून करावी. कर्नल सुरू करून देणाऱ्या ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन्ही शब्द आहेत याची खात्री करून अपडेट-ग्रब चालवावे.

खरा अडथळा बहुधा ड्रायव्हरचा असतो. 2008 मध्ये फेडोरा 10 सोबत आलेल्या प्लायमाउथने आधीच्या पद्धतीतील एक्स सर्व्हर (ग्राफिक पडदा चालवणारा प्रोग्राम) टाळला आणि कर्नलच्या मोड-सेटिंगचा, म्हणजे पडद्याचे रिझोल्यूशन कर्नलनेच ठरवण्याचा, आधार घेतला. त्यामुळे ग्राफिक कार्डाचे मॉड्यूल, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, जितके उशिरा येईल तितके चित्र उशिरा दिसते, किंवा दिसतच नाही. इंटेलसाठी आय-915, एएमडीसाठी एएमडी-जीपीयू हे नाव इनिटरॅमएफएस-टूल्सच्या मॉड्यूल्स फाइलीत लिहावे. एएमडीच्या कार्डांना फर्मवेअरही लागते आणि डेबियन 12 पासून ते ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या स्वतंत्र विभागात मिळते. इनिटरॅमएफएस नव्याने बांधताना फर्मवेअर सापडत नसल्याचा इशारा आला, तर तो सोडून देऊ नये. एनव्हिडियाच्या मालकी ड्रायव्हरसाठी मोड-सेटिंगचा पर्याय चालू असावा लागतो. मात्र त्याची मॉड्यूल्स आत घेतल्यावर फाइल बरीच फुगते, म्हणून बूट विभाजनातील मोकळी जागा आधी पाहून घ्यावी.

पुढे थीम. थीमच्या मुख्य फाइलीत ‘मॉड्यूल-नेम’ ही ओळ असते आणि तिच्यात प्लगइनचे नाव दिलेले असते, उदाहरणार्थ ‘टू-स्टेप’ किंवा ‘स्क्रिप्ट’. ते प्लगइन नसेल तर थीमची चित्रे कितीही असोत, उपयोग नाही. पडद्यावर मजकूर हवा असल्यास प्लायमाउथ-लेबल हे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. मजकूर मांडणारी पँगो आणि तो रेखाटणारी कैरो या लायब्ररी त्याच्यामागून येतात. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्ड मागणारी सूचना याच मार्गाने दिसते, त्यामुळे तिथे हे पॅकेज निव्वळ शोभेचे समजू नये.

ती सूचना मराठीत दाखवायची असेल तर आणखी एक गोष्ट लागते. देजावू सान्स या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, म्हणून नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट इनिटरॅमएफएसमध्ये स्वतः न्यावा लागतो. त्यासाठी इनिटरॅमएफएस-टूल्सच्या हुक्स निर्देशिकेत फॉन्ट आत उतरवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवून तिला चालवण्याची परवानगी द्यावी. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचे काम पँगो करतो, म्हणून हलके पर्यायी लेबल-प्लगइन इथे न वापरलेले बरे.

आता चालू इनिटरॅमएफएसची एक प्रत बाजूला ठेवून अपडेट-इनिटरॅमएफएस चालवावे आणि मशीन पुन्हा सुरू करण्याआधी एलएस-इनिटरॅमएफएसने आतील यादी काढावी. तिच्यात निवडलेली थीम, तिचे प्लगइन, लेबलचे प्लगइन, ग्राफिक मॉड्यूल आणि फॉन्ट ही पाचही नावे दिसायला हवीत. यादीत जे नाही ते बूटच्या वेळी मिळणार नाही. सगळे असूनही पडदा रिकामाच राहिला, तर कर्नलच्या ओळीत ‘प्लायमाउथ.डीबग’ जोडून पुन्हा बूट करावे आणि व्हार-लॉगमधील प्लायमाउथची नोंद-फाइल वाचावी: ग्राफिक उपकरण सापडले की नाही, हे तिच्यात आधी पाहावे.